लशीतून सूट नेमकी कुणाला हवी आहे?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची असून तिला नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळाला आहे. कॉलेजने हिपॅटायटिस-बीचे तीन डोस, त्यानंतरचा टायटर रिपोर्ट (लशीमुळे रक्तात किती प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, तयार झाली याचा अहवाल) आणि गोवर व कांजिण्यांच्या लशींचा पुरावा मागितला आहे. लहानपणी एका इंजेक्शननंतर ती चक्कर येऊन पडली होती. तेव्हापासून आम्ही तिला एकही लस दिलेली नाही. ओळखीचे डॉक्टर ॲलर्जीचे प्रमाणपत्र देण्यास तयार आहेत. त्यावर सूट मिळेल का? न मिळाल्यास दुसरा कोणता कोर्स निवडावा? – एक पालक

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, ते आपल्या मुलीला काय वाटते हे शोधण्यासाठी. पत्रात ‘आम्ही’ आहे, कॉलेज आहे, ओळखीचे डॉक्टर आहेत. जिच्या दंडावर लस टोचली जाणार आहे आणि जिला पुढे रुग्णांच्या खाटांमधून वावरायचे आहे, तिचे मत मात्र एका ओळीतही नाही. मला काळजी वाटते ती याची.

इंजेक्शननंतर चक्कर येणे म्हणजे ॲलर्जी, हा आपला समज चुकीचा आहे. भीतीने किंवा वेदनेने नाडी मंदावते, रक्तदाब एकदम उतरतो, मेंदूला रक्त क्षणभर कमी पडते आणि माणूस कोसळतो. आडवे झोपवून पाय उंच केले की बहुधा थोड्याच वेळात तो उठून बसतो. तीव्र ॲलर्जीचे चित्र निराळे असते. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि जीभ सुजतात, श्वास घेताना छाती वाजू लागते आणि ॲड्रेनालिनचे इंजेक्शन द्यावे लागते. तसे घडले असते, तरी ते त्या लशीपुरते किंवा तिच्यातील घटकापुरते खरे वैद्यकीय कारण ठरले असते. ‘कोणतीही लस नको’ असे त्यातूनही निघत नाही. चक्कर येणाऱ्याने लस झोपून घ्यावी आणि नंतर १५ मिनिटे उठू नये, एवढेच पुरते.

खरी कारणे असणारे विद्यार्थीही असतात. गोवर आणि कांजिण्यांच्या लशींमध्ये जिवंत पण दुर्बल केलेले विषाणू असल्यामुळे त्या गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेली असताना देत नाहीत. कांजिण्या पूर्वी येऊन गेल्या असतील, तर रक्तातील प्रतिपिंडांचा अहवाल पुष्कळ ठिकाणी पुरेसा मानतात. त्यासाठी सूट मागावी लागत नाही.

टायटर कशासाठी मागतात, हेही पाहा. कामाची पाळी संपत आलेली असते, शिकाऊ परिचारिका ट्रे आवरत असते आणि कापसाच्या बोळ्याखाली कुणीतरी टाकून दिलेली सुई हातमोज्यातून तिच्या बोटात शिरते. वाहत्या पाण्याखाली बोट धरून ती उभी असतानाच तिला विचारले जाते : डोस झाले आहेत का, टायटर किती? टायटर कधीकाळी १० किंवा त्याहून अधिक आलेले असेल, तर निदान हिपॅटायटिस-बीपुरती चिंता मिटते. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचल्यास हा आजार होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. ज्या एचआयव्हीला सगळे घाबरतात, त्याच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे.

समजा, कॉलेजने सूट दिलीच. तरीही वॉर्डात कुणाला उभे करायचे हे रुग्णालय ठरवते आणि कॉलेजची सूट ते मानेलच असे नाही. प्रात्यक्षिकाचे तास भरले नाहीत, तर पदवी अडते. ‘आजारी पडली तर ती घरी राहील’ हेही येथे चालत नाही, कारण कांजिण्यांचा रुग्ण पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच इतरांना आजार देऊ लागतो.

ओळखीच्या डॉक्टरांविषयी स्पष्ट लिहितो. दिलेल्या प्रत्येक औषधाची सहीनिशी नोंद करणे हे जिचे काम असणार आहे, तिच्या फायलीतला पहिलाच कागद खोटा असावा आणि तो पालकांनी मिळवून द्यावा, हे मला अजिबात पटत नाही. शिवाय ‘लशीची तीव्र ॲलर्जी’ असे एकदा लिहिले गेले की, उद्या ती खरोखर आजारी पडल्यावर उपचार करणारा डॉक्टर तेच खरे धरून चालेल.

दुसऱ्या कोर्सबद्दल थोडक्यात : वैद्यकीय नोंदींचे व्यवस्थापन किंवा जैवसंख्याशास्त्र या क्षेत्रांत रुग्णाशी थेट संबंध येत नाही. लॅब टेक्निशियनचा कोर्स मात्र त्यात धरू नका, कारण तेथे दिवसभर रक्तच हाताळावे लागते.

पण या निवडीचा विचार आज नको. पुढचे पत्र मुलीने स्वतः लिहावे. सुईची भीती अजून तिच्या मनात आहे की केवळ घरात उरली आहे, नर्सिंग तिने निवडले की कुणी सुचवले, आणि दुसऱ्याला सुई टोचण्याची कल्पना तिला कशी वाटते, एवढे तिने लिहावे. नर्सिंगच करायचे असेल, तर हिपॅटायटिस-बीचा पहिला डोस याच आठवड्यात घ्यावा. दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे सात-आठ महिने लागतातच. ओळखीच्या डॉक्टरांना तोवर तसदी देऊ नये.