बादलीचं फक्त निमित्त

या वेळच्या पत्रांत दुखणी निरनिराळी आहेत, पण जवळजवळ प्रत्येकाने आपला आरोपी आधीच धरून ठेवलाय. कुणी बादली, कुणी उशी, कुणी बोटं मोडायची सवय. त्यातल्या काहींना मला निर्दोष सोडावं लागणार आहे.

प्रश्न : वय ३४. भरलेली बादली उचलताना कमरेत उसण भरली. तीन आठवडे झाले, बरंच कमी आहे पण पूर्ण गेलेलं नाही. पायात कळ नाही. एमआरआयमध्ये खालच्या दोन मणक्यांमधली गादी फुगल्याचं लिहिलंय. सगळे म्हणतात, गॅप पडला. आता वाकणं कायमचं बंद करायचं का? (आदल्याच आठवड्यात घर बदललं, चार रात्री धड झोप नव्हती. त्याचा संबंध नसावा.)

उत्तर : तुम्ही कंसात टाकलेलं वाक्यच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पण आधी 'गॅप'चं बघू.

एक्स-रेत हाडं पांढरी दिसतात. दोन मणक्यांमधली गादी मात्र दिसत नाही, तिच्या जागी काळी पट्टी दिसते. हाच तो गॅप. तो प्रत्येकाला असतो, असायलाच हवा, आणि वयाबरोबर तो कमी होतो, वाढत नाही. गादी 'सरकते' हेही खरं नाही. वरच्या-खालच्या मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते. तिच्या बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत मऊ गर. कडं सैल पडलं की गादी फुगते, कडं फाटलं तर गर बाहेर येतो. बाहेर आलेला गरही पुष्कळदा काही महिन्यांत शरीर आपणहून जिरवतं.

आता तुमचा रिपोर्ट. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिशीतल्या ४० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे तुमची गादी कदाचित बादलीच्या आधीही तशीच होती. केसात पांढरं दिसावं, तसं.

मग दुखलं का? रोज बादली उचलणारी कंबर त्याच दिवशी का अडली? कारण त्या आठवड्यात तुम्ही तिच्याकडून नेहमीच्या कितीतरी पट काम घेतलंत, आणि दुरुस्तीला लागणारी झोप दिली नाहीत. थकलेल्या अंगाने, लक्ष भलतीकडे असताना उचललेलं ओझं कमरेला बाधतं. बादली शेवटी आली, म्हणून तिच्यावर आळ आला.

अशा उसणीचा मोठा भाग सहसा सहा आठवड्यांत निवळतो. झोपून राहू नका. १९८६ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या रुग्णांना दोन दिवस आणि सात दिवस झोपून राहण्याचा सल्ला देऊन तुलना केली, तेव्हा दोन दिवसवाले कामावर लवकर परतले. चाला. वाकणं पुन्हा सुरू करा, आधी रिकाम्या हाताने, मग हलक्या वस्तूंनी. मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, किंवा पायातली ताकद जायला लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. ताप किंवा कारणाशिवाय घटणारं वजन सोबत असेल, तरी लवकर तपासून घ्या.

प्रश्न : वय ४१. रात्री दोन-तीनला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. मानेचा एक्स-रे काढला, मणके झिजलेत म्हणून गळ्याला पट्टा दिला. दोन महिने वापरला, उशीही बदलली, फरक नाही.

उत्तर : आज रात्री जाग आली की दिवा लावा आणि बोटं मोजा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू एवढ्यातच मुंग्या आहेत आणि करंगळी शाबूत आहे का? तसं असेल, तर मानेला उगाच शिक्षा झाली.

मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. तळाला छोटी हाडं, वर जाड पट्टा. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. दोऱ्यांभोवती जरा सूज आली की दबते ती नसच, कारण तिथे तीच सगळ्यात मऊ. ती नस वर सांगितलेल्या साडेतीन बोटांची. करंगळीची नस या बोगद्यातून जातच नाही, म्हणून ती वाचते. झोपेत आपण मनगट दुमडून घेतो, बोगदा आणखी आवळतो, आणि जाग येते. हात झटकून आराम पडणं ही या दुखण्याची जुनी खूण आहे. मानेतून नस दबली असेल तर हात झटकून सहसा काही होत नाही, उलट मान वळवल्यावर कळ हातात उतरते.

चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज दिसणं फार सामान्य आहे. ती दिसली म्हणून गुन्हा तिचाच, असं होत नाही.

मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधा, निदान सहा आठवडे. थायरॉइड आणि साखर तपासून घ्या, दोन्हींमुळे हा त्रास होतो. गरोदरपणातही होतो आणि बहुतेकदा बाळंतपणानंतर जातो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा बधिरपणा दिवसभर राहू लागला, तर नसेची तपासणी लांबवू नका. स्नायू वाळला की तो पूर्ण भरून येईलच असं नाही.

प्रश्न : वय २९. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही. मोबाइलमुळे असेल का?

उत्तर : नाही. वरचं काहीही तुम्हाला लागू नाही. दोन्ही बाजूंना सारखी सूज आणि तासभर टिकणारा आखडलेपणा ही आमवाताची लक्षणं असू शकतात. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. झिजेचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो. याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या. उपचार सुरुवातीच्या महिन्यांत झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नका.

प्रश्न : वय २७. उठता-बसता गुडघे कटकट वाजतात, दुखत मात्र नाहीत. वंगण संपलं का? आई म्हणते, बोटं मोडायची सवय गुडघ्यापर्यंत गेली.

उत्तर : आईंचा मान राखून सांगतो, तसं काही नसतं. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनाही लहानपणी घरून हीच तंबी मिळाली होती. त्यांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि शेवटी दोन्ही हात ताडून पाहिले. संधिवात कुठल्याच हातात नव्हता. २००९ मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल हे गमतीदार पारितोषिक मिळालं. एकाच माणसाचा प्रयोग, पण चिकाटी बघा!

न दुखणारा, न सुजणारा, मध्येच न अडकणारा गुडघा खुशाल वाजू द्या. वंगणाचं म्हणाल, तर कुर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला-सुटला की तिच्यात द्रव जातो-येतो, आणि तेच तिचं पोषण. आवाजाला घाबरून जिना सोडलात, तर तिला उपाशी ठेवाल.

प्रश्न : वय ५२, मधुमेह आहे. डावा खांदा चार महिने दुखतोय आणि आता हात मागे जातच नाही. ओळखीतले एकजण झटका देऊन मोकळा करतात म्हणे.

उत्तर : त्यांच्याकडे जाऊ नका. कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवा. नंतर घरच्या कुणाला तरी हळूच वळवायला सांगा. त्यांनाही वळवता येत नसेल, तर खांद्याभोवतीची पिशवी जाड होऊन आकसली आहे, म्हणजे खांदा जखडला आहे, अशी दाट शक्यता. त्यांनी वळवल्यावर वळत असेल आणि तुमच्याने होत नसेल, तर दोष स्नायूच्या दोरीत शोधावा लागेल. मधुमेहात पहिला प्रकार बराच जास्त दिसतो. वाढलेली साखर पिशवीच्या तंतूंना चिकटून त्यांना ताठर करते. एक ते तीन वर्षं घेणारं दुखणं आहे हे, उतावीळपणा त्याला मानवत नाही. सुरुवातीला सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन उपयोगी पडतं, मात्र त्यानंतर काही दिवस साखर चढते. ती मोजत राहा. व्यायाम सोसवेल तेवढाच.

प्रश्न : वय ४५. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, दहा पावलांनंतर कमी. एक्स-रेत हाड वाढलंय. दोन महिन्यांपूर्वी एकदम रोज दहा हजार पावलं चालायला सुरुवात केली.

उत्तर : वाढलेलं हाड बाजूला ठेवा. तसं टोक टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांत सापडतं. दुखतो तो टाचेपासून बोटांकडे जाणारा तळपायाचा पट्टा. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलाला ताणला जातो.

चालणं वाईट नाही, 'एकदम' वाईट. मीही एका सुट्टीत दोन दिवस घरातले सगळे दरवाजे घासून रंगवले आणि 'टेनिस एल्बो', म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, घेऊन बसलो. आयुष्यात रॅकेट धरलेली नाही! पावलं निम्म्यावर आणा, मग दर आठवड्याला थोडी वाढवा. एक दिवसाआड पायरीच्या कडेवर उभे राहा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घ्या, टाचा सावकाश वर, दोन सेकंद थांबून सावकाश खाली. सकाळी खाटेवरून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढून धरा, दहा-दहा सेकंद, दहा वेळा. मगच जमिनीवर पाय टेका.