वाचकांचे प्रश्न : शेजारच्या राज्याची वाहिनी आणि आपला हक्क

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. गेल्या महिन्यापासून आमच्या केबलवर मराठी बातम्यांची वाहिनी दिसेनाशी झाली आहे. केबलचालक म्हणतो, ‘तुमचे गाव कर्नाटकात आहे, महाराष्ट्राच्या वाहिन्या इथे दाखवायला कायद्याने बंदी आहे.’ अमेरिकेत असलेला माझा भाचा सांगतो की तिकडे ‘डिश’ कंपनीला दूरच्या शहरांतल्या वाहिन्या दाखवण्यास न्यायालयाने खरोखरच मनाई केली होती. मग आम्ही छपरावर डिश बसवली तरी उपयोग होणार नाही का? आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला कन्नड समजते, पण बातम्या ती मराठीतूनच ऐकते.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या केबलचालकाने सांगितलेले कारण खरे नाही, हे आधीच स्पष्ट करतो. भाच्याने सांगितलेली हकीकत मात्र खरी आहे; फक्त ती अमेरिकेच्या कायद्यातली आहे आणि तो कायदा आपल्याला लागू होत नाही.

माझे बालपण निपाणीत गेले. घरावरच्या लोखंडी पाइपाला लावलेला अँटेना कोल्हापूरच्या दिशेने फिरवत वडील वरून विचारायचे, ‘आलं का?’ आणि आम्ही खालून ओरडायचो, ‘नाही, अजून मुंग्याच आहेत!’ अमेरिकेतला सगळा वाद या मुंग्यांवरून झाला, असे म्हटले तरी चालेल. तिकडे मोठ्या नेटवर्कचे कार्यक्रम गावोगावच्या संलग्न केंद्रांमार्फत दिसतात आणि त्या केंद्रांचे पोट स्थानिक जाहिरातींवर चालते. न्यूयॉर्कचे केंद्र उपग्रहावरून थेट घरात आले, तर गावच्या केंद्राचा प्रेक्षक जातो. म्हणून १९८८ च्या कायद्याने उपग्रह कंपन्यांना दूरच्या केंद्रांचे प्रक्षेपण दाखवण्याची सवलत दिली, ती ज्या घरांच्या छपरावरच्या साध्या अँटेनाला स्थानिक केंद्राचे पुरेसे प्रक्षेपण मिळत नाही, अशा घरांपुरतीच. डिश नेटवर्क चालवणाऱ्या एकोस्टार कंपनीने ही जोडणी अपात्र घरांनाही दिली, असा दावा नेटवर्क आणि त्यांच्या संलग्न केंद्रांनी केला. मे २००६ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की हे उल्लंघन तुरळक नसून सर्रास चाललेले होते, आणि अशा उल्लंघनासाठी कायद्यात देशव्यापी मनाईची तरतूद असल्याने ती दिल्यावाचून गत्यंतर नव्हते. कंपनीने बहुतेक संलग्न केंद्रांशी दहा कोटी डॉलरची तडजोड केली होती, परंतु फॉक्स नेटवर्क तीत सामील झाले नाही आणि १ डिसेंबर २००६ पासून मनाई लागू झाली. ज्यांच्या अँटेनावर खरोखरच काही येत नव्हते, त्या पात्र घरांचीही ही सोय त्या दिवशी गेली, याचे मला आजही वाईट वाटते. पुढे २०१० च्या कायद्याने, देशातल्या सर्व २१० प्रसारण क्षेत्रांत स्थानिक केंद्रे दाखवण्याच्या अटीवर, कंपनीला परतीची वाट मिळाली. आपल्याकडच्या डिश टीव्हीचा या कंपनीशी संबंध नाही, केवळ नावात साम्य आहे.

भारतात वाहिनीला परवानगी मिळते ती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून आणि संपूर्ण देशासाठी. छपरावरच्या डिशवरून थेट घरात वाहिन्या देणाऱ्या सेवेचा, म्हणजे डीटीएचचा, परवानाही देशव्यापी असतो. त्यामुळे अमुक घर कर्नाटकात आहे म्हणून तिथे मराठी वाहिनी दिसू नये, असे कोणताही कायदा म्हणत नाही. १९९५ च्या केबल कायद्याच्या कलम १९ नुसार, कार्यक्रम वा जाहिरातींसाठी ठरवलेल्या संहितेचा भंग होत असेल किंवा भाषा, धर्म, जात अशा कारणांवरून तेढ वाढण्याची शक्यता असेल, तर अधिकृत अधिकारी एखादी वाहिनी वा कार्यक्रम रोखू शकतो; पण त्यासाठी आदेश काढावा लागतो. आपल्या केबलचालकाकडे असा आदेश असेल तर त्याने तो दाखवावा. सीमाभागात ‘वरून सांगितले आहे’ एवढ्या तोंडी वाक्यावर आपण फार गोष्टी सोडून देतो, आणि हे मला अनेक वर्षे खुपत आले आहे.

खरी अडचण दुसरीकडे असू शकते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१७ च्या नियमांनुसार सशुल्क वाहिनी सुटी निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मात्र एखाद्या वाहिनीचे ग्राहक, वाहिन्या घरोघर पोहोचवणाऱ्या वितरकाच्या ‘टार्गेट मार्केट’मध्ये, म्हणजे त्याने ठरवलेल्या सेवाक्षेत्रात, सलग सहा महिने पाच टक्क्यांहून कमी राहिले, तर ती वाहिनी बंद करण्याची मुभा त्याच नियमांनी वितरकाला दिली आहे, आणि हे मार्केट कोणते ते वितरकच जाहीर करतो. ते खानापूर-बेळगाव परिसरापुरते असेल तर मराठी प्रेक्षक सहज मोजणीत येतात. संपूर्ण कर्नाटक धरले तर तेच प्रेक्षक दिसेनासे होतात. म्हणून केबलचालकाला पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि तोही लेखी. वाहिनीच्या कंपनीचे पैसे थकल्यामुळे किंवा करार संपल्यामुळे प्रक्षेपण थांबले आहे का, हेही त्याच अर्जात विचारावे, कारण पुष्कळदा मूळ कारण तेच असते आणि सीमेचे नाव केवळ पुढे केले जाते.

पावती जपून ठेवा, कॉल सेंटरवर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक टिपून घ्या आणि दाद न मिळाल्यास वितरकाच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जा. त्यानंतरही काही झाले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे बेळगावच्या, ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. एकट्या ग्राहकाला दिल्लीच्या टीडीसॅटकडे, म्हणजे दूरसंचार व प्रसारणाचे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाता येत नाही, ग्राहकांच्या गटाला मात्र येते. तेव्हा सुरुवातीच्या अर्जावरच गल्लीतल्या आणखी दहा-पंधरा घरांच्या सह्या घेतल्यात, तर पुढे त्या उपयोगी पडतील.

डिश बसवायला काहीच हरकत नाही. बसवण्यापूर्वी आईंना हवी असलेली वाहिनी त्या कंपनीच्या यादीत आहे, याची खात्री करून घ्या. दूरदर्शनची मराठी ‘सह्याद्री’ वाहिनी त्यांच्याच ‘चंदना’ या कन्नड वाहिनीप्रमाणे, देशभर दाखवणे सक्तीचे असलेल्या वाहिन्यांच्या यादीत आहे, त्यामुळे ती सध्याच्या केबलवरही दिसायलाच हवी. दिसत नसेल तर तेही अर्जात लिहा. पोच मिळालेल्या अर्जाची प्रत आमच्याकडे पाठवलीत, तर नोडल अधिकाऱ्याकडे द्यायच्या पत्राचा मसुदा आम्ही करून देऊ.