गोड बोलणं म्हणजे होकार नव्हे

प्रिय,

पुण्यात बसून कॅनडातल्या टोरांटोच्या ग्राहकाशी पहिल्यांदाच बोलणार आहेस, तेव्हा आधी घड्याळ. टोरांटो आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं सरकतात, आपली नाही. त्या आठवड्यात हमखास कुणीतरी तासभर चुकतं. ते आपण असू नये. वेळेपुढे शहराचं नाव लिही. 04/05 अशी तारीख तर टाळच: कुणी ती 4 मे वाचेल, कुणी 5 एप्रिल. महिना अक्षरात लिहिला की प्रश्न मिटला.

ते पहिल्या मेलपासून नावाने हाक मारतील, तूही मार. सारखं 'सर, सर' केलंस तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. सुरुवातीची दोन-चार मिनिटं हवा, बर्फ, हॉकी यांवर जातात, जाऊ दे. लग्न, पगार, धर्म हे विषय मात्र काढू नकोस.

खरी गोम नकारात आहे. तोंडावर 'नको' म्हणणं तिथे क्वचितच. "छान आहे, विचार करून कळवतो" म्हणाले आणि पुढची तारीख दिली नाही, तर तो बहुधा नकारच. होकार असला की नमुने, किंमत, पुढची बैठक याबद्दल नेमके प्रश्न येतात. उलट आपलं "हो हो, होऊन जाईल" तिथे शब्द दिला असंच धरलं जातं. काम 10 दिवसांचं असेल तर 7 सांगू नकोस. उशीर होणार हे कळताक्षणी नवी तारीख कळव. बैठक झाली की त्याच दिवशी चार ओळींचं मेल टाक: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. आणि 'सॉरी' बिनदिक्कत म्हण. माफी म्हणजे दिवाणी दाव्यात चुकीची कबुली नव्हे, असा टोरांटोच्या ऑन्टारियो प्रांतात 2009 पासून चक्क कायदा आहे!

मेलपत्त्यांची यादी विकत घेऊन जाहिराती पाठवायचा मोह आवर. कॅनडाचा स्पॅमविरोधी (न मागितलेल्या जाहिरातींच्या मेलविरुद्धचा) कायदा 1 जुलै 2014 पासून लागू आहे. कंपनीला एका उल्लंघनासाठी 1 कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. कुणी स्वतःहून चौकशी केली तर 6 महिने आणि खरेदी केली तर 2 वर्षं संमती गृहीत धरता येते. 'नको' कळवलेलं नाव कामाच्या 10 दिवसांत यादीतून निघालं पाहिजे.

मॉन्ट्रियलचा ग्राहक असेल तर सुरुवात 'बोंझूर'ने, म्हणजे फ्रेंच नमस्काराने. फ्रेंचमधलं 'व्हू' हे आपलं 'तुम्ही'; समोरचा 'तू'वर येईपर्यंत तिथेच थांब. मॉन्ट्रियलच्या क्वेबेक प्रांतात 24 जूनला सुट्टी असते, त्या दिवशी फोन लावू नकोस.

प्रत्यक्ष जाणं झालंच तर अत्तर इथेच ठेव; पुष्कळ कार्यालयांत सुगंधाला मज्जाव असतो. जेवणाचं बिल तू भरणार असशील तर टिप 15 ते 20 टक्के, तीही कर वगळून. कार्डाचं मशीन बऱ्याचदा करासकट रकमेवर टक्के लावतं, बटण दाबण्याआधी आकडा बघ.