तीन ते पाच वर्षांच्या मुलांबरोबर अमेरिकन लोकगीतं कशी गावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत मुलीच्या प्रीस्कूलमध्ये पालक म्हणून वीस मिनिटं गाणी घ्यायची आहेत. तीन ते पाच वयाची बारा मुलं आहेत. तुम्ही गाणं रीतसर शिकलेल्या नाही आणि गिटारवर जेमतेम दोन कॉर्ड येतात. जुनी अमेरिकन लोकगीतंच घ्यायची आहेत, तर कोणती घ्यावीत, कशी घ्यावीत आणि यूट्यूब लावून भागेल का?

यूट्यूब लावू नका. पडदा दिसला की या वयाची मुलं बघायला लागतात आणि गाणं थांबतं. शिवाय रेकॉर्डिंग मुलांसाठी थांबत नाही, त्यांच्या वेगाने चालत नाही आणि त्यात समोरच्या मुलाचं नाव येत नाही. या गाण्यांची खरी ताकद तर तिथेच आहे. त्यांतली बरीचशी म्हणजे एक ओळ आणि तिच्यात मोकळी सोडलेली एक जागा. त्या जागेत कुणी आपला लाल फ्रॉक बसवतं, कुणी बदक, कुणी उडी. तुम्हाला गाता येतं की नाही याला त्यामुळे फारसं महत्त्व उरत नाही. ओळ न तुटता चालू ठेवणं आणि मोकळ्या जागेत मुलांकडून येईल ते घेणं, एवढंच तुमचं काम.

या विषयात एक नाव माहीत असायला हवं: रूथ क्रॉफर्ड सीगर (1901–1953). त्या आधुनिक पाश्चात्त्य संगीताच्या मोठ्या रचनाकार. जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या बापलेकांनी गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रित केलेली गाणी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा झाली होती. ती पुन्हा पुन्हा ऐकून रूथ यांनी त्यांचं स्वरलेखन केलं. नंतर मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या एका सहकारी नर्सरी शाळेत त्यांनी ही गाणी मुलांबरोबर गायली आणि त्यातून 1948 साली 'अमेरिकन फोक साँग्ज फॉर चिल्ड्रेन' हे पुस्तक आलं. ग्रंथालयात सहज मिळतं. त्यांची मुलं माइक आणि पेगी सीगर यांनी 1977 मध्ये त्यातली गाणी ध्वनिमुद्रित केली. ते घरी ऐका, चाल बसवून घ्या आणि वर्गात स्वतः गा.

आता पट्टी, कारण सर्वांत जास्त चुकतं ते इथेच. मोठी माणसं स्वतःला सोयीचं म्हणून फार खाली गातात. या वयाच्या मुलांचा आवाज साधारण हार्मोनियमच्या मध्य सप्तकातल्या पांढरी दोन (डी) ते पांढरी सहा (ए) एवढ्या टप्प्यात मोकळा लागतो. त्याच्या खाली गेलात की मुलं गाणं सोडून बोलायला लागतात आणि आपल्याला वाटतं, ही सुरात गातच नाहीत. म्हणून पांढरी दोनला सा धरा. तानपुऱ्याचं अ‍ॅप किंवा हार्मोनियम असेल तर सुरुवातीला फक्त तो एक स्वर ऐकवा, तुम्ही स्वतः त्यात मिसळा आणि मग सुरू करा. तुमच्या आवाजाला हे थोडं वर वाटेल. हळू आवाजात गायलात तर जमतं, कारण जोर लावला की वरचा स्वर फाटतो. हीच पट्टी गिटारवर डी होते, म्हणजे तुमची सोयही झाली. 'स्किप टू माय लू' हे अख्खं गाणं डी आणि ए सेव्हन या दोन कॉर्डवर निघतं. स्वर असे: ग सा गगग प, रे नि रेरेरे म, पुन्हा ग सा गगग प, आणि शेवटी रे ग म ग रे सा सा. नि तेवढा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला.

तरीही पहिल्या दिवशी गिटार घरीच ठेवा, असंच मी सांगेन. कॉर्ड बदलताना नजर बोटांवर जाते, आणि तेवढ्यात कुठल्या मुलाने काय सुचवलं ते निसटतं.

शब्दांची एक अडचण मराठी माणसांना हमखास येते. उच्चार कसाही असो, त्याने काही बिघडत नाही. आपण प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो, इंग्रजीत मात्र ठरावीक अक्षरावरच आघात असतो आणि गाण्याची मात्रा तिथेच पडते. सगळी अक्षरं सारखी म्हटली की गाणं अडखळतं. त्यासाठी ओळ गाण्याआधी घरातल्या घरात चालत नुसती बोला, पाऊल आघाताच्या अक्षरावर पडलं पाहिजे. दहा-बारा फेऱ्यांत बसतं. टाळीचंही तसंच आहे. आपला हात आपसूक पहिल्या मात्रेवर पडतो. यातल्या बऱ्याच गाण्यांत, विशेषतः कृष्णवर्णीय समाजातून आलेल्या गाण्यांत, टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला पाय आपटा, टाळी मधल्या जागी आपोआप येते. मुलांना ती एकदम शिकवू नका. आधी फक्त पाय, आणि टाळी तुमची तुम्ही वाजवत राहा.

सुरुवातीला 'मेरी वोअर हर रेड ड्रेस' घ्या. मेरीच्या जागी मुलाचं नाव आणि लाल फ्रॉकच्या जागी त्याने घातलेलं काहीही: निळे मोजे, हिरवा शर्ट, आणि दिवाळीच्या आसपास कुणी घालून आलंच तर ऑरेंज कुर्ता. एका कडव्याला विचारण्यासकट पंधरा सेकंद लागतात, म्हणजे बारा मुलं तीन मिनिटांत होतात. इथे दोन गोष्टी बिघडतात. काही मुलं नाव आलं की लाजतात. त्यांना विचारत बसू नका, त्यांच्या बुटांचा रंग घेऊन सरळ पुढे जा. दुसरं म्हणजे दोन कडव्यांमध्ये आपण थांबून "आता कोण?" असं विचारतो आणि लय तुटते. त्याऐवजी चालू कडव्याच्या शेवटच्या ओळीतच पुढच्या मुलाकडे बघून ठेवा. एखादं नाव गोलातून राहून गेलं तर ते मूल घरी जाईपर्यंत विसरत नाही, म्हणून सगळी बारा नावं झाल्याशिवाय गाणं संपवायचं नाही.

मग उभं राहायचं. 'स्किप टू माय लू' हा मुळात 'प्ले-पार्टी'चा खेळ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कितीतरी कर्मठ प्रॉटेस्टंट वस्त्यांमध्ये नाच आणि फिडल निषिद्ध होते. मग तरुण मंडळी वाद्याशिवाय, तोंडाने गात गोलात खेळायची, आणि त्याला नाच न म्हणता खेळ म्हटलं की चालायचं. मूळ खेळात दुसऱ्याची जोडीदार पळवायची असते, ते या वयात जमत नाही. नुसतं हात धरून गोल चाला, पुढच्या कडव्याला उड्या, त्याच्या पुढच्याला चवड्यांवर चालणं. चालण्याची दिशा बदलू नका, तीन वर्षांची मुलं तिथे एकमेकांवर आदळतात. खरं 'स्किप', म्हणजे एकेका पायावर आलटून पालटून उडी, बहुतेकांना पाच-सहाव्या वर्षी साधतं. त्याआधीची मुलं घोड्यासारखी दौडतात. दौडू द्यावं. वेग त्यांच्या पावलांचा ठेवा, तो आपल्या चालण्याहून जलद असतो. काही मुलं हालचाल करताना गाणं थांबवतात, तेही ठीक आहे. दोन्ही एकदम करणं या वयात जड जातं.

'लिटल जॉनी ब्राउन' मात्र चुकवू नका. हा खेळ जगासमोर आला तो बेसी जोन्स (1902–1984) यांच्यामुळे. जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या सेंट सायमन्स बेटावरच्या या गायिका. गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेले मुलांचे खेळ, टाळ्या आणि गाणी त्यांना मुखोद्गत होती. लोकसंगीताच्या अभ्यासक बेस लोमॅक्स हॉझ यांच्याबरोबर त्यांनी 1972 साली 'स्टेप इट डाउन' हे पुस्तक केलं, आणि खेळ कसा खेळावा याचं त्याहून चांगलं वर्णन मला माहीत नाही. गोलाच्या मध्ये एक मूल गोधडी अंथरतं, बाकीचे गात असताना एकेक कोपरा दुमडतं, मग आपली एक हालचाल करून दाखवतं आणि गोधडी पुढच्या मुलाकडे जाते. गोधडीऐवजी साधारण पन्नास सेंटिमीटरचा चौकोनी सुती रुमाल घ्या. त्याहून मोठा कपडा तीन वर्षांच्या हातांना आवरत नाही आणि रेशमी घडी तर राहतच नाही. कोपरा दुमडून होईपर्यंत तीच ओळ गात राहायचं, मदतीला धावायचं नाही. गोल थांबून एका मुलाची वाट बघतो, खेळाचा प्राणच तो आहे. पण हिशेब करा: एका मुलाला चाळीस सेकंद धरले तरी बारा जणांना आठ मिनिटं लागतात आणि बसलेल्यांचा धीर सुटतो. एका दिवशी चार मुलं पुरेत. उरलेल्यांची नावं लिहून शिक्षिकेकडे ठेवा. मूळ ओळीत रुमाल 'लव्हर'ला द्यायचा असतो, तिथे 'फ्रेंड' म्हटलं की झालं.

दमली की बसवा आणि 'बॉट मी अ कॅट' घ्या. मांजर आणलं, कोंबडी आणली, बदक आणलं, आणि दर कडव्याला मागच्या सगळ्यांचे आवाज उलट्या क्रमाने. भोंडल्यातलं 'अक्कण माती चिक्कण माती' म्हणत वाढलेल्यांना ही साखळी समजावून सांगावी लागत नाही. तीन वर्षांच्या मुलांसाठी चार प्राणी, पाचच्या मुलांसाठी सहा-सात. चित्रं किंवा खेळण्यातले प्राणी डावीकडून उजवीकडे ओळीने मांडा आणि आवाज काढताना शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत बोट फिरवा. हे केलं नाही तर तिसऱ्या प्राण्यानंतर क्रम तुम्हीच विसरता. कुणी डायनासोर आणायचा म्हटलं तर आणायचा, त्याचा आवाज मात्र त्यानेच ठरवायचा. काही जुन्या पाठांत शेवटी बायको किंवा नवरा आणल्याचं कडवं आहे, ते सोडा.

शेवट 'हश लिटल बेबी' या अंगाईने करा, तिच्यात बाळाला एकामागून एक भेटवस्तू कबूल केल्या जातात. सगळी यादी पाठ नसेल तर ओळींच्या तीनच जोड्या म्हणा आणि उरलेली चाल ओठ मिटून गुणगुणा. शेवटच्या ओळीला वेग कमी करू नका. लोकगायक बहुधा सरळ गातात, आणि आपण लाडिक गायला लागलो की मुलं बघ्याच्या भूमिकेत जातात. ही पाच गाणी वीस मिनिटांना पुरून उरतात. सहावं घेण्यापेक्षा मुलांनी "पुन्हा" म्हटलेलं गाणं पुन्हा घ्या.

आता महत्त्वाचा भाग: काय टाळायचं. 'पारंपरिक' म्हणून मिळणाऱ्या यादीतली अनेक गाणी मिन्स्ट्रेल शोमधून आली आहेत. तिथे गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टर उडवायचे. 'जिमी क्रॅक कॉर्न' 1840 च्या दशकातलं तसंच गाणं आहे, आणि त्यात मालकाच्या मरणाबद्दल बोलणारा माणूस गुलाम आहे. स्टीफन फॉस्टरच्या 1848 मधल्या 'ओ सुझाना'च्या मूळ कडव्यात कृष्णवर्णीयांच्या मरणाचा विनोद केला आहे. 'टेन लिटल इंडियन्स'मध्ये मूलनिवासी मुलं एकेक करून नाहीशी होतात. 'पिक अ बेल ऑफ कॉटन' म्हणजे कापूसवेचणीचं कष्टाचं गाणं, ते बारा मुलांना हसत हसत उड्या मारत गायला लावणं मला पटत नाही. रूथ यांच्या पुस्तकातलंही सगळं डोळे मिटून घेऊ नका: त्यातलं 'जिम अलाँग जोझी' मिन्स्ट्रेल रंगमंचावरूनच आलेलं आहे. शब्द बदलून ही गाणी वापरणारे शिक्षक आहेत. पण वर्गात ज्या मुलाच्या आजीला मूळ शब्द आठवतात, तिला बदललेले शब्द ऐकूनही काय वाटेल याचा विचार करा. चांगली गाणी शेकड्यांनी आहेत, यांच्यावाचून काहीही अडत नाही.

उलट, जे गाता त्याचं श्रेय जरूर द्या. 'जॉनी ब्राउन'च्या आधी "हा खेळ जॉर्जियाच्या बेटांवरच्या बेसी जोन्स यांनी आपल्याला दिला" एवढं एक वाक्य पुरतं. चार वर्षांच्या मुलाला ते कळतं.

तयारीसाठी दोन ठिकाणं. जॉन लोमॅक्स यांचं 1939 सालच्या दक्षिणेतल्या दौऱ्याचं ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतं. आवाज खरखरीत आहे, पण साध्या माणसांचं न सजवलेलं गाणं कसं असतं ते तिथे कळतं. आणि स्मिथसोनियन फोकवेज या लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रण संस्थेकडच्या एला जेन्किन्स ऐका. शिकागोच्या या गायिकेचा पहिला आल्बम 1957 चा, आणि 2024 मध्ये शंभराव्या वर्षी त्या गेल्या. एक ओळ आपण म्हणायची आणि तीच मुलांनी परत म्हणायची, हे तंत्र त्यांच्याकडूनच शिकावं. मुलांना उत्तरासाठी किती वेळ सोडतात त्याकडे लक्ष द्या. आपण घाईने त्यांच्या ओळीवर आपली ओळ चढवतो, त्या कधीच चढवत नाहीत. एकाच गाण्याचे तीन-चार पाठ सापडले की गोंधळू नका. एक निवडा आणि वर्गात तोच ठेवा, कारण चाल बदलली तर मुलं तुम्हालाच दुरुस्त करतात.

पुन्हा बोलावलं तर पाचातली चार गाणी तीच ठेवा आणि एकच नवं आणा. पहिल्या दिवशी गप्प बसलेली मुलं बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला गायला लागतात, तेही ओळखीचं गाणं आलं तरच.