दिवाळीत मालवणला जायचंय? आधी पंचांग उघडा

वाचकांचे प्रश्न : मालवण-तारकर्ली-देवबाग

आम्ही नवरात्रात तारकर्लीला जायचं म्हणतोय. स्कूबा हे मुख्य आकर्षण. काही जण म्हणतात पाणी गढूळ असतं, हॉटेलवाले म्हणतात एकदम स्वच्छ. खरं काय?
— एक वाचक, कोथरूड

बोटी सप्टेंबरपासून सुरू होतात आणि पाणी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात निवळतं. हॉटेलवाले पहिली गोष्ट सांगतात, दुसरी सांगत नाहीत. कर्ली आणि गड या नद्या पावसाळाभर लाल माती समुद्रात आणून टाकतात. परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कोकणात रेंगाळतो, दुपारी गडगडाट करून कोसळतो आणि बसू पाहणारा गाळ पुन्हा हलतो. नवरात्रात पाण्याखाली हाताच्या पलीकडचं दिसेलच अशी खात्री नाही. तेव्हा जायचं तर खुशाल जा, पण स्कूबाचे पैसे आगाऊ भरू नका. पाणी बघून त्या दिवशी सकाळी ठरवा.

शक्य असेल तर सहल दिवाळीनंतर आठवडाभर पुढे ढकला. दिवाळी अमावास्येची, म्हणजे उधाणाची. भरती-ओहोटीतला फरक मोठा, प्रवाह जोराचा, तळाची वाळू उसळलेली. याउलट अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग लागतो, पाण्याची ये-जा मंदावते. कार्तिक शुद्ध नवमी ते एकादशी हे दिवस म्हणूनच डुबकीला उत्तम. शाळांची सुट्टी बहुधा तेव्हा चालूच असते आणि दिवाळीची गर्दी ओसरलेली असते.

वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब : पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. दशमी असेल तर १० ची पाऊणपट साडेसात, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे पावणेदोन. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. डुबकी पूर्ण भरतीच्या आसपास घ्यावी, तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी किनाऱ्याशी आलेलं असतं. दशमीला ती सकाळी पडते हे आणखी बरं, कारण दुपारनंतर समुद्राकडून वारा उठतो आणि पाण्यावर बारीक लाटा उठायला लागतात.

एक इशारा देवबागच्या संगमाबद्दल. ओहोटी लागली की नदी आणि खाडीचं पाणी त्या चिंचोळ्या तोंडातून एकदम बाहेर पडतं. वरून संथ दिसतं, पण गुडघाभर पाण्यातही पाय उचलले जातात. तिथे पोहू नका, उधाणाच्या दिवसांत तर मुळीच नाही.

पोहता येत नाही. स्कूबा करावं का? मुलगा १२ वर्षांचा आहे.
— एक वाचक, नाशिक

करता येतं. प्रशिक्षक सिलिंडर धरून शेवटपर्यंत सोबत असतो आणि मुलाचं वयही बसतं. अडचण येते ती कानांची. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि त्यातला सर्वांत त्रासदायक टप्पा पहिल्या दोन-तीन मीटरचा. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायचं. कान दुखायला लागल्यावर फुंकून उपयोग नाही, दर मीटरला आधीच करायचं. दुखलंच तर हाताने खूण करून थोडं वर या. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका, कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. दम्याची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. परतीचं विमान असेल तर एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास मध्ये जाऊ द्या.

मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपतं. घाबरू नका, मास्क कसा रिकामा करायचा ते बोटीवरच शिकून घ्या.

सिंधुदुर्ग किल्ला बघायला तास पुरतो का?
— एक वाचक, ठाणे

नाही. बोटवाले साधारण तासाभराने परत न्यायला येतात. तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर आहे आणि ऑक्टोबरच्या उन्हात वर सावली नाही. पहिली बोट धरा आणि 'आम्ही उशिराच्या फेरीने येऊ' असं चढतानाच सांगून ठेवा. राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, दूधबाव-दहीबाव-साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी सगळे बघतात. महादरवाजा मात्र बहुतेक जण घाईत ओलांडून जातात. तो तटाच्या वळणात असा दडवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तिथे दोन मिनिटं थांबाच. पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. पूजा झाली तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आहे, तो परत आल्यावर बघा.

रापण बघायला मिळेल का? आणि बांगडे पुण्यापर्यंत टिकतील का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

१ जूनपासूनची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि शरदात बांगडा, तारली, पेडवे किनाऱ्याशी येतात. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात सोडलेलं लांब जाळं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. पहाटे किनाऱ्यावर फिरलात तर दिसण्याची शक्यता जास्त. विचारून हात लावायला हरकत नाही, मात्र दोर मनगटाला गुंडाळू नका आणि दोराच्या आतल्या बाजूला उभे राहू नका. लाट मागे फिरताना जाळ्याचा सगळा भार दोरावर येतो.

संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर लिलाव होतो, पण तो व्यापाऱ्यांसाठी, टोपल्यांच्या हिशेबाने. घरापुरतं घ्यायचं तर लिलाव उरकल्यावर मासे विकणाऱ्या बायकांकडे जा. बांगडा डोक्याकडून आडवा धरला की शेपटी लोंबता कामा नये. कल्ले लाल, पोट घट्ट हवं.

नेण्यासाठी कल्ले आणि पोट साफ करून घ्या, पोटात बर्फ भरा. थर्माकोलच्या खोक्यात एक थर बर्फ, एक थर मासे, वर पुन्हा बर्फ. किलोला किलो बर्फ, त्याहून कमी नको. गाडीने जात असाल तर खोक्याच्या तळाला भोक पाडून खाली ट्रे ठेवा, कारण वितळलेल्या पाण्यात भिजत पडलेला मासा लवकर बिघडतो. रेल्वेत भोक चालणार नाही, तेव्हा मासे आधी जाड पिशवीत बांधा. कोल्हापूरला थांबून बर्फ बघा, निम्मा उरला असेल तर नवा घाला. बांगड्याच्या बाबतीत हयगय नको. तो गरम राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि कितीही शिजवलं तरी जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगावर गांधी उठणं हा त्याचाच प्रताप. लोक उगाच 'मासे सोसले नाहीत' म्हणतात.

दशावतार बघायचा आहे. तिकीट कुठे मिळतं?
— एक वाचक, डोंबिवली

जत्रेतल्या दशावताराला तिकीट नसतं. कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्री उशिरा नाटक उभं राहतं. गावातल्या दुकानात किंवा रिक्षावाल्याला 'आज जत्रा खंय?' एवढं विचारा. आधी गणपती, सरस्वती, संकासुराचा आडदशावतार म्हणजे नाटकाचा पूर्वरंग, मग आख्यान म्हणजे मुख्य कथा, पहाटे दहीकाला. संहिता नसते, संवाद तिथल्या तिथे जुळवतात, त्यामुळे नवख्या प्रेक्षकाने पुढे बसावं, नाहीतर अर्धे टोमणे हुकतात. सतरंजी आणि पहाटेसाठी शाल न्या. फ्लॅश मारू नका.

रात्री समुद्र निळा चमकतो म्हणतात. कधी?
— एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे लाट फुटताना प्रकाश दिसतो. नोव्हेंबरपासून कोकणात ठिकठिकाणी दिसतो, पण हमी कुणीच देऊ शकत नाही. 'हमखास दाखवतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. चंद्र नसलेली रात्र आणि दिव्यांपासून दूरचा किनारा हवा, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस मिनिटं मोबाइल खिशात. फोटोसाठी तिपाई आणि दहा सेकंदांचं एक्स्पोजर लागतं, हातात धरून काळं चित्रच येतं. अमावास्येला पूर्ण भरती रात्री सव्वाअकराच्या आसपास असते, त्यामुळे चपला-पिशव्या वरच्या वाळूत ठेवा.

वादळाची भीती कितपत?
— एक वाचक, सांगली

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा काळ आहे. नोव्हेंबर २००९ चं फयान आणि ऑक्टोबर २०१९ चं क्यार लोकांच्या लक्षात आहे. क्यार किनाऱ्यावर आलंच नाही, तरी लाटांनी सिंधुदुर्गात नुकसान केलं. म्हणजे आकाश निरभ्र असलं तरी समुद्र शांत असतोच असं नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवामानाच्या इशाऱ्याची खूण, लागला की बोट बंद, घासाघीस करू नका. राहण्याच्या ठिकाणी तारीख बदलून मिळेल का हे आरक्षणाआधीच विचारून ठेवा.

गाडीने की रेल्वेने?
— एक वाचक, दादर

रेल्वेने. कुडाळला उतरा, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातही चालू असतं, गाड्या सावकाश धावतात आणि वेळा वेगळ्या असतात. तिकीट काढल्यावर एकदा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा वेळ तपासा.