गाळा नेमका कुणाला हवाय?

पत्र : मी मे महिन्यात निवृत्त झालो. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून 14 लाख हातात आले. राहायला विक्रोळीला, कन्नमवार नगरात. मुलगा 19 वर्षांचा, बारावी कॉमर्सला 52 टक्के. अभ्यासात लक्ष नाही, पण हात चालतो. शेजाऱ्यांचे मिक्सर, इस्त्र्या, पंखे तोच दुरुस्त करतो. मागच्या महिन्यात युट्यूब बघून एकांचा मायक्रोवेव्हसुद्धा उघडून चालू करून दिला. त्याला स्वतःचं काही ठरवता येत नाही, म्हणून मीच ठरवलं आहे. जवळच एक गाळा फायनल केला आहे (?). डिपॉझिट 3 लाख, भाडं 22 हजार, टोकन 25 हजार दिलं. मुलगा कामं करेल, मी दिवसभर गल्ल्यावर बसेन, म्हणजे त्याच्यावर लक्षही राहील. आमची बिल्डिंग पुनर्विकासात जाते आहे, बिल्डरकडून भाडं सुरू होईल, तोही आधार आहे. फ्रिज, एसी, वॉशिंग मशीनचा 3 महिन्यांचा चांगला कोर्स सुचवावा. सोबत बी.कॉम.ला नाव घालू का? (मला मराठी टायपिंग जमत नाही, हे मुलगाच टाइप करतो आहे.)
— एक वडील, विक्रोळी

उत्तर : नमस्कार.

कोर्सचं नंतर बघू. आधी त्या मायक्रोवेव्हचं बोलते, कारण तिथे पोचल्यावर पुढचं पत्र मला धड वाचवेना. मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर घरातली 230 व्होल्टची वीज 2000 व्होल्टच्या वर नेतो आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ती साठून राहू शकते. मुरलेले मेकॅनिकसुद्धा तो आधी डिस्चार्ज करून घेतात, मगच आत हात घालतात. त्या धक्क्याने माणूस जातो. तुम्ही ते वाक्य कौतुकाने लिहिलंत. पोरगा त्यातून धडधाकट उठला यात युट्यूबचा वाटा किती आणि नशिबाचा किती, देव जाणे. रीतसर शिकेपर्यंत मायक्रोवेव्ह बंद. शेजारी कितीही गोड बोलोत.

आता पत्राकडे येते. ते सबंध ‘मी’ने भरलं आहे. मी ठरवलं, मी टोकन दिलं, मी गल्ल्यावर बसेन. मुलाला काय वाटतं याबद्दल चकार शब्द नाही. ‘त्याला स्वतःचं काही ठरवता येत नाही’ एवढं मात्र आहे, आणि तेही तुम्ही त्याच्याच बोटांनी टाइप करून घेतलंत. तुम्ही शेजारी बसून सांगत असाल, तो मान खाली घालून मुकाट्याने लिहीत असेल. एका ठिकाणी मात्र तो थांबला असावा. ‘गाळा फायनल केला आहे’ याच्या पुढे कंसात एक प्रश्नचिन्ह आहे. ते तुम्ही सांगितलेलं दिसत नाही. बाकी सगळ्या पत्रात तुम्हाला कसली म्हणून शंका नाही.

माझ्याकडे येणारे बहुतेक पालक उलट्या दिशेने ओढत असतात. मुलगा पाना-पक्कड घेऊन रमतोय आणि आईबापांना तो इंजिनीअर नाहीतर निदान बँकेत हवा असतो. लग्नाच्या वेळी काय सांगायचं, ही चिंता. तुम्हाला मेकॅनिक या शब्दाची लाज नाही, त्याबद्दल तुम्हाला मानते. पण प्रेमाने आणलेलं दडपणही दडपणच असतं. फंडातले 3 लाख एकदा डिपॉझिटला गेले, की या मुलाला ‘बाबा, मला जमत नाहीये’ म्हणायची सोय राहणार नाही. आणि ज्याला चुकायची मुभा नसते तो या धंद्यात लवकर बिघडतो. एक तारीख जवळ आली, भाडं जमलं नाही, की चांगला चालणारा पार्टही ‘गेलाय’ म्हणून बदलला जातो. गिऱ्हाईक एकदा फसतं, आणि मग ते सगळं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या नावासकट येतं.

जरा हिशोब करून बघा. एका कॉलमागे पार्टचे आणि पेट्रोलचे पैसे वजा जाता 400 रुपये सुटले असं धरू. महिन्याला 55 कॉल झाले की तुमचे 22 हजार निघाले. फक्त भाडं, लाइट बिल नाही, मुलाचा पगार नाही. नव्या पोराला पहिल्याच पावसाळ्यात 55 कॉल देणार कोण? एसीचा हंगाम मार्चपासून जूनपर्यंत. तो तर आत्ताच संपला.

त्यातून तुमची बिल्डिंग पुनर्विकासात. कन्नमवार नगरात ती काही एकटी नाही. ज्या इमारतींच्या भरवशावर गाळा घेताय त्याच एकेक करून रिकाम्या होणार. माणसं ठाण्याला, कळव्याला, डोंबिवलीला भाड्याने जाणार, गाळ्यासमोर निळे पत्रे आणि डंपर. काही वर्षांनी तीच माणसं टॉवरमध्ये परत येतील तेव्हा फ्रिज नवा, मशीन नवं, सगळं वॉरंटीत. बिल्डरच्या ज्या भाड्याला तुम्ही आधार म्हणता, तसंच भाडं घेऊन तुमचं गिऱ्हाईकही दुसरीकडे गेलेलं असेल, हे कसं सुटलं तुमच्या नजरेतून?

‘दुकान टाकलं की धंदा सुरू झाला’ हा समज तुमच्यासारखाच अनेकांचा आहे, त्यावर थोडं थांबते. दुकानात काय येतं? मिक्सर, इस्त्री, टेबल फॅन. पिशवीत घालून आणता येईल ते. मिक्सरचा कपलर किंवा कार्बन ब्रश बदलून मजुरी किती मागणार? माणूस लगेच म्हणतो, ‘एवढ्यात थोडे घालून नवीनच घेतो’. पैसे आहेत ते जागचं न हलणाऱ्या वस्तूंत. फ्रिज कुणी चार मजले उतरवून गाळ्यात आणत नाही, भिंतीवरचा एसी तर नाहीच. म्हणजे कमाईचं काम गिऱ्हाइकाच्या घरी, आणि ते चालू असताना गाळ्याचं शटर उघडं ठेवायला दुसरा माणूस. मुंबईत वर्षानुवर्षं हा धंदा करणारे कितीतरी जण बिनदुकानाचे आहेत. एक बाइक, पाठीला बॅग, चार सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि वॉचमन ओळखीचे, आणि गेली 15 वर्षं न बदललेला मोबाइल नंबर. त्या नंबरात त्यांचं दुकान असतं.

मग गाळा हवाय कुणाला? मला वाटतं, तुम्हाला. इतकी वर्षं सकाळी डबा घेऊन बाहेर पडलात, आणि मे महिन्यापासून अचानक दिवसभर घरात. आपल्याकडच्या लहान घरांत निवृत्त माणसाला खुर्ची नेमकी कुठे टाकावी तेच कळत नाही. स्वयंपाकघरात अडचण, बाहेर टीव्ही. रोज उठून जायला एक जागा हवी, ‘दुकानात जातो’ म्हणता यायला हवं. यात गैर काही नाही. पण मग तसं म्हणा. मुलाच्या करिअरच्या नावावर स्वतःसाठी महिना 22 हजारांची खुर्ची घेऊ नका. टोकन परत मिळतं का बघा. नाही मिळालं तर 25 हजारांवर सुटलात असं समजा.

तुम्हाला या धंद्यात खरोखरच एक काम आहे. एकटा मेकॅनिक वॉशिंग मशीनच्या मागे आडवा पडलेला असतो तेव्हा त्याचा फोन वाजतो. दोन्ही हात ओले, उचलणार कसा? समोरची बाई दुसरीकडे फोन लावते. कॉल उचलणं, मॉडेल नंबर विचारून घेणं, ‘मशीन फिरतंय पण पाणी काढत नाही का?’ एवढं नेमकं विचारणं, वेळ देणं, उशीर होणार असेल तर कळवणं, उधारी लिहून ठेवणं. शिस्तीत नोकरी केलेल्या माणसाइतकं हे कुणाला जमणार नाही, आणि घरात बसून जमतं. फक्त एक अट : तो धंदा मुलाचा असेल आणि तुम्हाला त्याने बोलावलं असेल. ‘लक्ष ठेवायला’ म्हणून जाणार असाल तर त्यापेक्षा सकाळी फिरायला जा.

3 महिन्यांचा कोर्स मी सुचवणार नाही. का, ते माझ्या घरातलं सांगते. आमच्या एसीचं कूलिंग दर उन्हाळ्यात कमी व्हायचं. सलग 3 वर्षं दरवेळी नवा मेकॅनिक आला, ‘गॅस संपलाय’ म्हणाला, भरून पैसे घेऊन गेला. मी मुकाट दिले. चौथ्या वर्षी दुसरा एक वयस्कर गृहस्थ आला. त्याने भांड्याच्या साबणाचा फेस मागितला, खिडकीबाहेरच्या युनिटच्या जोडांवर बोटाने लावला आणि बघत बसला. पितळेच्या एका नटापाशी बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. त्याने नळीचं टोक कापलं, नव्याने फ्लेअर केलं, म्हणजे नटात घट्ट बसेल असं पसरवलं, व्हॅक्यूम घेतला, मग वजन करून गॅस भरला. म्हणाला, ‘मॅडम, गॅस काय पेट्रोल आहे संपायला?’ एसीची यंत्रणा बंदिस्त असते. गॅस कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. आधीच्या तिघांना भरणं येत होतं, शोधणं येत नव्हतं. निदान त्यांनी शोधलं तरी नाही. 3 महिन्यांत भरणं येतं.

शिवाय गॅसही आता बदलले. जुना आर-22 ओझोनच्या थरामुळे मोडीत निघतोय. 1987च्या मॉन्ट्रियल करारानुसार भारतातही 2030पर्यंत त्याचा वापर संपवत आणायचा आहे. त्याजागी एसीत आर-32 आला, काही एसीत आर-290, म्हणजे चक्क प्रोपेन, आणि घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए. शेवटचे दोन सरळ पेट घेणारे, आर-32 सौम्य पण ज्वलनशीलच. आत कोणता गॅस आहे हे न वाचता गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात नळ्या जोडायचा गॅस टॉर्च पेटवणारा माणूस काय करून ठेवेल, याचा विचार करा.

तेव्हा आयटीआय. ‘रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन’ हा ट्रेड 2 वर्षांचा आहे, दहावी पास पुरते, त्यामुळे तुमच्या मुलाला दार उघडं आहे. मुलुंड आणि लोअर परळची सरकारी आयटीआय तुम्हाला गाडीने सोयीची; कुठे कोणता ट्रेड आणि किती जागा ते यंदाच्या माहितीपुस्तिकेत बघा. प्रवेश ऑनलाइन होतात, तारखा चुकवू नका. उन्हाळ्यात एखाद्या चांगल्या एसीवाल्याच्या हाताखाली हेल्पर म्हणून जाऊ दे, आउटडोअर युनिट खांद्यावरून चढवू दे. पुढे अप्रेंटिसशिप, मग एखाद्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला वर्ष-दोन वर्षं. इन्व्हर्टर एसीचं किट, म्हणजे सर्किट बोर्ड, जळालंय की नुसता सेन्सर गेलाय, हे तिथे रोज दहा घरं फिरून कळतं. स्वतःचं काम तेविसाव्या वर्षी सुरू झालं तर काही बिघडत नाही. बी.कॉम. मुक्त विद्यापीठातून करायचं तर करा; नाही केलं तरी चालेल.

कागदपत्रांना घाबरू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर, ऑनलाइन, फुकट होते. त्याचे पैसे मागणारा एजंट दिसला तर चालते व्हा. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. हत्यारांसाठी मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज 50 हजारांपर्यंत विनातारण मिळतं. ते मुलाच्या नावावर आणि त्यानेच फेडायचं. फंडाला हात लावायची गरज नाही.

आता टाइप करणाऱ्याशी बोलते.

तुला हे काम आवडतं का, हे मला माहीत नाही. वस्तू चालू झाल्यावर शेजारच्या काकू ‘हुशार आहे हो पोरगा’ म्हणतात ते आवडत असेल, तर ते वेगळं. येते 2 महिने एक करून बघ. फुकट काही करायचं नाही. मिक्सर आला की पार्ट किती रुपयांचा आणि माझी मजुरी किती, हे झाकण उघडायच्या आधी सांगायचं. पार्ट स्वतः जाऊन आण. लोहार चाळ बघ, लॅमिंग्टन रोड बघ, दोन-तीन दुकानांत भाव विचार, ओरिजिनल आणि डुप्लिकेट हातात धरून बघ. बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. सगळं एका वहीत : तारीख, बिघाड, काय समजलो होतो, निघालं काय. काकूंकडे पैसे मागताना जीभ अडखळेल, सगळ्यांचीच अडखळते. 2 महिन्यांनी पैसे मागता येत असतील तर पुढे स्वतःचा धंदा कर. दुरुस्ती आवडते पण पैशांचं बोलणं नको वाटतं असं निघालं, तर सर्व्हिस सेंटरची पगारी नोकरी तुझ्यासाठी चांगली आहे, त्यात कमीपणा नाही.

आणि ते प्रश्नचिन्ह तूच टाकलं असशील, तर आता तोंडाने विचार. आज रात्री, जेवताना. टोकन गेलंय, करारावर सही अजून व्हायची आहे.