ब्रिटनमधील ट्रॅव्हलर लोक सार्वजनिक मैदानांवर तळ का ठोकतात?
अधिकृत तळ असताना ट्रॅव्हलर, म्हणजे पिढ्यान्पिढ्या फिरते जीवन जगणाऱ्या समाजांतील, कुटुंबे गावाच्या मैदानावर कॅरॅव्हॅन (गाडीला जोडून ओढायची चाकांवरची घरे) का लावतात, असे आपण विचारले आहे. मुळात असे तळ पुरेसे नाहीत. १९६८ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील स्थानिक संस्थांवर ते पुरवण्याची टाकलेली जबाबदारी १९९४ मध्ये काढून घेण्यात आली, आणि स्वतःची जमीन विकत घेतली तरी तेथे राहण्यासाठी नियोजन खात्याची परवानगी मिळणे अवघडच असते. एसेक्समधील डेल फार्म या ट्रॅव्हलर वस्तीवरून २०११ मध्ये अनेक कुटुंबांना हटवले गेले ते याच परवानगीअभावी, जमीन त्यांच्याच मालकीची असूनही. कचऱ्याबद्दल आणि अडलेल्या मैदानाबद्दल रहिवाशांची तक्रार अनेकदा रास्त असते, हेही मान्य केले पाहिजे. मात्र २०२२ च्या कायद्याने पोलिसांना कॅरॅव्हॅन, म्हणजे त्या कुटुंबाचे घरच, जप्त करण्याचा अधिकार दिला. नवे तळ उभारण्याची सक्ती त्यात नाही.